कादिसच्या सणांत आपण कुठे उभं राहायचं?

पत्राचा सारांश: आम्ही मूळचे श्रीवर्धनचे. यजमानांच्या नोकरीमुळे गेल्या सप्टेंबरपासून स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, कादिसला राहतो. घर जुन्या गावात, ला विन्या भागात, दुसऱ्या मजल्यावर. मुलगी आठ वर्षांची. फेब्रुवारीत इथे कार्निव्हल झाला. रात्र रात्र खाली गाणी चालू, झोप नाही. एका संध्याकाळी शेजारच्या काकू मुलीसाठी शिवलेला वेष घेऊन दारात आल्या. मी घाबरून 'ती झोपलीय' म्हटलं आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून त्या जिन्यात भेटल्या तर 'ओला' एवढंच म्हणतात. आता ईस्टरच्या आठवड्यात माझी आई येतेय. त्या मिरवणुकांच्या पोस्टरवरचे टोकदार टोपड्यांचे लोक बघून मुलगी रात्री दचकून उठली. इथे दर महिन्याला काही ना काही असतंच. आम्ही घरात शाकाहारी, देवाधर्माचं करणारी माणसं. या सगळ्यात आम्ही कुठे उभं राहायचं? गॅलरीतून बघावं, की खिडक्या लावून घ्याव्यात?

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र वाचताना मी त्या लावलेल्या दारापाशीच थांबले. सणांचं आपण सावकाश बघू. आधी काकूंकडे जा. या आठवड्यातच जा आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. शंकरपाळी करून न्या. त्यांच्याकडे 'पेस्तिन्यो' नावाचा पदार्थ असतो: तीळ आणि बडीशेपेच्या वासाची कणीक ऑलिव्ह तेलात तळायची आणि मधात बुडवायची. कार्निव्हलच्या आधी तर चौकात कढया लावून ते वाटतात. तुमची शंकरपाळी त्या तोंडात टाकतील आणि हे काय आहे ते त्यांना लगेच कळेल. बोलायला फार स्पॅनिश लागणार नाही. 'नो लो साबिया', म्हणजे 'मला माहीत नव्हतं', एवढं म्हणा. खरंही तेच आहे.

त्यांना इतकं का लागलं असेल, ते सांगते. मी त्या गावात भाषा शिकायला तीन वर्षं राहिले आहे. तिथे कार्निव्हलच्या वेषाला 'तिपो' म्हणतात. तो दुकानातून आणायचा कपडा नव्हे. शरद ऋतूपासून घराघरांत त्यावर चर्चा चालते, कापड बेतलं जातं, शिवण होते. एका गटातले सगळे एकच तिपो घालतात. यंदा सगळे पोस्टमन, नाहीतर सगळ्या आज्या, नाहीतर सगळे कोळी. म्हणजे काकूंनी तुमच्या लेकीसाठी तिपो शिवला, तेव्हा त्यांनी तिला आपल्या गटात जागा ठेवली होती. आपल्याकडे शिमग्यात कुणी आपल्या पोराच्या हाती पालखीचा दांडा द्यावा, तसंच ते होतं. तुम्ही ओळखलं नाहीत, यात तुमचा दोष नाही. पण आता कळल्यावर गप्प राहू नका.

त्या रात्री तुम्हाला जो गोंगाट वाटला, त्यात खरं तर शब्द भरलेले होते. कादिसचा कार्निव्हल म्हणजे पिसं आणि नाच नव्हे. तो गाण्यांचा, आणि त्यातही बोचऱ्या गाण्यांचा सण आहे. 'चिरिगोता' म्हणजे दहा-बारा जणांचा विनोदी गट. एक मोठा ढोल, एक छोटा ढोल, गिटार आणि 'पितो' नावाची पिपाणी. 'कोम्पार्सा' जरा गंभीर, आर्त गाणारी. 'कोरो' चाळीसेक जणांचा, सजवलेल्या गाडीवरून गाणारा. 'कुआर्तेतो' तीन-चार जणांचा, जवळपास प्रहसनच. यांची स्पर्धा महिनाभर आधीपासून तेआत्रो फाया या नाट्यगृहात चालते. (1876 साली याच गावात जन्मलेल्या मानुएल दे फाया या संगीतकाराचं नाव त्याला दिलेलं आहे.) महापौर, राजा, पाणीपट्टी, घरभाडं, बेकारी, फुटबॉल, जे काही वर्षभरात सलत असेल ते सगळं त्या गाण्यांत येतं. आपल्याकडची शिमग्याची सोंगं आणि नमन-खेळे आठवा, म्हणजे काय ते लगेच कळेल.

या गाण्यांनी सोसलेलंही फार आहे. 1937 साली, यादवी युद्ध चालू असताना, फ्रँकोच्या राजवटीने कार्निव्हलवर बंदी घातली. लोक ओट्यावर, दारूच्या गुत्त्यात, बंद दारामागे जुनी गाणी म्हणत राहिले. 1947 च्या ऑगस्टमध्ये गावात आरमाराच्या सुरुंगांच्या कोठाराचा भयंकर स्फोट झाला, दीडशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर खचलेल्या गावाला थोडी उभारी यावी म्हणून 1948 मध्ये कोरोंना पुन्हा गायची परवानगी मिळाली, पण नाव बदलून आणि शब्दांवर कात्री चालवून. पुढे तर सण उचलून मे महिन्यात नेला. आपल्या नावाने, आपल्या फेब्रुवारीत तो परत आला 1977 मध्ये. तुमच्या काकू साठी-सत्तरीच्या असतील, तर त्यांनी तो परत आलेला बघितला आहे.

आता झोपेचं. तुमची तक्रार खरी आहे, तिच्यावर उपायही आहे. पहिल्या शनिवारची रात्र बाहेरगावच्या पोरांची असते. बाटल्या, ढकलाढकली, काचा. त्या रात्री गावातली बरीच माणसंसुद्धा घरी बसतात किंवा लवकर परततात. तुम्हीही मागच्या खोलीत गाद्या घाला. मुलीला न्यायचं ते रविवारी दुपारी मंडईभोवती, कोरोंच्या गाड्या फिरतात तेव्हा. आणि मग मधल्या वारी, संध्याकाळी, आपल्याच गल्लीत. कुठल्याही स्पर्धेत न उतरलेले गट, ज्यांना तिथे 'इलेगाल' म्हणतात, ते चर्चच्या पायरीवर नाहीतर एखाद्या कोपऱ्यावर उभे राहून गातात आणि माणसं त्यांच्याभोवती हातभर अंतरावर दाटीने उभी राहतात. तिथे उभं राहा. निम्मे शब्द कळणार नाहीत. शेजारचा हसला की आपणही हसतो, मग तो आपल्याला अर्थ समजावून सांगतो. माझं निम्मं स्पॅनिश मी अशा अनोळखी शेजाऱ्यांकडून शिकले.

आता तुमच्या लेकीची भीती. सगळ्यात तातडीचं तेच आहे.

त्या टोकदार टोपडीला 'कापिरोते' म्हणतात. अमेरिकेतल्या वंशद्वेष्ट्या टोळीने तसलाच आकार पुढे वापरला, म्हणून जगभर तो बघून अंगावर काटा येतो. स्पेनमधला तो वेष त्याच्या कितीतरी शतकं आधीचा आहे आणि त्याचा अर्थही पार उलटा. आपण केलेल्या चुकांचं प्रायश्चित्त घेणाऱ्याने ते कुणाला दाखवायचं नसतं, म्हणून तोंड झाकायचं. आत तुमचा बेकरीवाला असतो, शाळेतल्या बाई असतात, जिन्यात भेटणारा कॉलेजचा मुलगा असतो. कित्येक जण अनवाणी चालतात. हे मुलीला सांगून बघा, पण नुसतं सांगून भीती जाणार नाही. तिच्या हाताला काम द्या.

काम असं. स्वयंपाकघरातल्या चांदीच्या वर्खासारख्या कागदाची, ज्यात आपण पोळ्या गुंडाळतो त्या फॉईलची, लिंबाएवढी गोळी करा. मिरवणूक थांबत थांबत जाते. थांबली की टोपडीवाल्यांच्या हातातल्या लांब मेणबत्त्यांचं मेण ठिबकत असतं. गावातली सगळी पोरं अशी गोळी घेऊन त्यांच्यापुढे जातात आणि म्हणतात, 'सेरा, पोर फावोर'. सेरा म्हणजे मेण. मग तो भला उंच टोपडीवाला वाकतो, मेणबत्ती तिरकी करतो आणि त्या गोळीवर थेंब थेंब मेण पाडतो. गोळी फिरवत राहायची, म्हणजे सगळीकडून सारखी वाढते. आठवडाभरात ती मोसंब्याएवढी होते. पुढच्या वर्षी तीच गोळी पुढे वाढवायची. काही जण झग्याच्या आतून गोळ्या-चॉकलेटं काढून देतात, काही मूर्तीचं छोटं चित्र देतात. पहिल्यांदा मुलीबरोबर तुम्ही स्वतः पुढे व्हा. तो वाकला की दोन भोकांतून डोळे दिसतात. ते एकदा तिने जवळून बघितले की रात्रीचं दचकणं थांबेल असं मला मनापासून वाटतं. माझ्या घरमालकिणीचा नातू असाच घाबरायचा, आणि तिसऱ्या संध्याकाळी तो कुणाचा हात न धरता पुढे पळत होता.

आईंना घेऊन कुठे उभं राहायचं, याचं उत्तर मला एका अनोळखी आजीने दिलं होतं. पहिल्या वर्षी मी सरळ, रुंद रस्त्यावर जागा धरून तासभर उभी होते. त्या आजीने माझं कोपर धरलं, काही न बोलता मला दोन गल्ल्या पलीकडे नेलं आणि एका अरुंद वळणाच्या कोपऱ्यावर भिंतीला टेकवून उभं केलं. 'आकी', म्हणजे इथे, एवढंच म्हणाली. तिथून जे बघितलं ते मी विसरलेले नाही. मूर्तीचा तो जडशीळ लाकडी मखर, त्याला 'पासो' म्हणतात, कादिसमध्ये खांद्यांवर वाहतात. वाहणाऱ्यांच्या हातात 'ओर्किया' असते, वर दोन फाटे असलेली काठी. पासो थांबला की तिचा आधार द्यायचा, आणि चालताना तिचे ठोके जमिनीवर पडतात. ठक. ठक. वळणावर ते ठोके जवळजवळ येतात, पावलं वीतभर पडू लागतात, मखराची कड भिंतीपासून चार बोटांवर येते आणि सगळी गल्ली श्वास रोखून धरते. आपल्या ग्रामदेवतेची पालखी दांडा खांद्यावर घेऊन अरुंद पाखाडीतून उतरते, तेव्हा बायका अशाच गप्प होतात. आईंना समजावून सांगावं लागणार नाही.

गुरुवारी रात्री सान्ता मारिया भागातून नाझरेनो, म्हणजे खांद्यावर क्रूस घेतलेला येशू, निघतो, ती मूर्ती गावाला सगळ्यांत लाडकी. आईंना फार वेळ उभं राहवत नसेल तर घडीची खुर्ची न्या, तिथल्या आज्याही आणतात. वेळा आणि मार्ग छापलेली छोटी पुस्तिका दुकानांत मिळते. एखादा माणूस गॅलरीतून 'साएता' म्हणायला लागला, म्हणजे मूर्तीकडे बघून एकट्याने, वाद्यांविना टाहो फोडल्यासारखं गायला लागला, की फोन खाली ठेवा. आणि आभाळाकडे बघायला सांगा आईंना. वसंत संपातानंतरची पौर्णिमा झाली की येणाऱ्या रविवारी ईस्टर, म्हणून हा आठवडा नेहमी पौर्णिमेच्या आसपासच येतो. बहुतेक वर्षी ती आपली चैत्री पौर्णिमा असते. तिकडे पासो निघतो तेव्हा इकडे हनुमान जयंतीची तयारी चाललेली असते.

'आम्ही हिंदू, यात कुठे' असं तुम्ही विचारलंत. मुंबईत दर सप्टेंबरला मोतमाऊलीच्या जत्रेला बांद्र्याचा डोंगर चढणाऱ्यांत किती हिंदू बायका असतात ते आईंना विचारा. हातात मेणबत्ती, मनात नवस, आणि घरी देव्हारा आहे तिथेच. कादिसमध्ये तुम्हाला कुणी काही मानायला सांगत नाही. मूर्ती समोरून जाताना गप्प राहायचं, रांग तोडून रस्ता ओलांडायचा नाही, चर्चमध्ये प्रसादाच्या भाकरीसाठी पुढे जायचं नाही. एवढं पाळलंत की पुरे.

खाण्याचं मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. तिकडे ट्यूना मासा आणि डुकराचं सुकवलेलं मांस यांना कित्येक जण मांसात धरतच नाहीत. भाजी मागवली तरी वर चार तुकडे पेरून येतात. 'सिन हामोन, सिन अतून', म्हणजे ते मांस नको, ट्यूना नको, हे पाठ करा. सगळ्यात फसवी वस्तू म्हणजे 'तोर्तियिता'. बेसनाची, जाळीदार, कुरकुरीत, अगदी आपल्या धिरड्याची बहीण दिसते; पण पिठात बारीक कोळंबी असते. आईंच्या ताटात ती जाऊ देऊ नका. त्यांना द्या 'पापास आलिन्यास': उकडलेले बटाटे, कांदा, पार्सली, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर, वरचा ट्यूना नको म्हणून सांगायचं. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत पालक-छोले मिळतात, जिरं-लसूण घातलेले. ते आईंना माहेरचे वाटतील.

पुढचे महिने भराभर सांगते, कारण त्यांना अवघड असं काही नाही. वसंतात खाडीपलीकडे एल प्वेर्तोची जत्रा आणि मे महिन्यात खेरेसची घोड्यांची जत्रा. सेविल्यात जत्रेतले मंडप बहुतेक खाजगी असतात, खेरेसमध्ये बहुतेक सगळ्यांना खुले, म्हणून तुम्ही खेरेसला जा. 23 जूनच्या रात्री सान हुआनच्या होळ्या पेटतात. कादिसमध्ये वस्त्यांतून 'हुआनियो' नावाचे पुतळे करून जाळतात. मुलीला होळी चुकल्याचं वाईट वाटलं असेल, तर ती इथे भरून निघेल.

16 जुलै मात्र चुकवू नका. बिर्खेन देल कार्मेन, म्हणजे दर्यावर्दींची माता. त्या दिवशी या किनाऱ्यावरच्या बार्बाते, कोनिल, एल प्वेर्तो अशा बंदरांत तिची मूर्ती होडीत बसवून समुद्रात नेतात, मागे सगळ्या होड्या, भोंगे वाजत असतात. समुद्रात राहिलेल्यांसाठी पाण्यावर फुलं सोडतात. नारळी पौर्णिमा बघत वाढलेल्या बाईने त्या धक्क्यावर उभं राहावं, आणि तिथे तुम्हाला परकं वाटलं तर मला कळवा.

ऑगस्टमध्ये सान्लुकारला, 1845 पासून, ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर घोड्यांच्या शर्यती होतात. तिथली लहान पोरं स्वतःच रंगवलेली खोक्यांची दुकानं मांडून सुट्या नाण्यांच्या पैजा घेतात. मुलीला ती दुकानंच घोड्यांपेक्षा जास्त आवडतील.

त्यानंतर गणपती. तुम्ही गेल्या वर्षी नुकत्याच पोचला होतात, घरात तिघंच होतात, हे तुमच्या पत्रातून कळतं. या वर्षी काकूंना बोलवा. आरतीला बोलवा आणि त्याआधी उकडीचे मोदक वळायलाही. कळ्या पाडता आल्या नाहीत तरी चालेल. काकूंनी तुम्हाला तिपो आणला होता. तुम्ही त्यांना उकड मळायला द्या.

आणि मग नोव्हेंबर, जो तुमच्या ला विन्याचा खरा महिना आहे. ऑक्टोबर संपता संपता 'तोसांतोस' येतो, सर्व संतांच्या दिवसाचा सण. गावची मंडई, 1838 सालची, खांबाखांबांची, त्या दिवसांत बघण्यासारखी असते. गाळेवाले आपला माल सजवतात: भोपळ्याला चष्मा, वांग्यांची सभा, कोंबड्यांना आणि माशांना कपडे घालून पुढाऱ्यांची नाहीतर गावातल्या भानगडींची चित्रं उभी करतात. मांसाच्या गाळ्यांकडे तुम्हाला बघवणार नाही, तर भाज्यांच्या बाजूने शिरा. घरी येताना चेस्टनट, सुकी अंजिरं आणि रताळी आणा. रताळी भाजण्याची ही वेळ तुम्हाला वेगळी शिकवायला नको.

सर्व संतांच्या दिवशी, 1 नोव्हेंबरला, तुमच्याच गल्लीतून ला पाल्माची, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या मेरीची, मिरवणूक निघते. 1755 साली याच दिवशी सकाळी लिस्बनचा महाभूकंप झाला आणि थोड्या वेळाने समुद्र कादिसच्या अंगावर आला. ला कालेताचा किनारा तुमच्या घरापासून चार पावलांवर. पाणी तिथून ला विन्याच्या गल्ल्यांत शिरलं. पाल्माच्या चर्चमधला धर्मगुरू मेरीचं निशाण घेऊन पाण्यासमोर रस्त्यात उतरला, निशाण रोवून 'इथवरच, माते' म्हणाला, आणि पाणी तिथे थांबलं, असं गाव सांगतं. तेव्हापासून आजतागायत ती मिरवणूक चालू आहे. हे घरं पाण्याने भरलेल्या माणसांच्या पणतवंडांनी पाळलेलं व्रत आहे. तुम्ही समुद्रकाठच्या आहात, उधाणाच्या रात्री घरातली मोठी माणसं कशी जागी असतात ते तुम्ही बघितलेलं आहे. त्या दिवशी गॅलरीत उभं राहू नका. खाली उतरा, लेकीला घेऊन मागोमाग चाला. त्या गल्लीत राहणाऱ्यांची ती मिरवणूक आहे आणि तुम्ही त्या गल्लीत राहता.

नाताळाचं तुम्ही एकदा बघितलंच आहे: 31 डिसेंबरच्या मध्यरात्री घंटेच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं, 5 जानेवारीला तीन राजांची मिरवणूक आणि आभाळातून पडणाऱ्या गोळ्या. पुढच्या वेळी छत्री उलटी धरून न्या. गोळ्या छत्रीत पडतात, सगळ्या पोरांना माहीत असलेली युक्ती आहे. आणि राजे येऊन गेले की दोन-चार दिवसांत कुठल्यातरी तळघरातून ढोल आणि पितोचा आवाज यायला लागेल. त्या तालमी असतात.

काकूंकडे जाताना मुलीला बरोबर न्या. तो वेष त्यांनी टाकला नसणार, शिवलेलं कुणी टाकत नाही. अजून आहे का विचारा आणि तिला घालून बघू द्या. आठ वर्षांची पोर वर्षभरात उंच होते. खालची दुमड किती सोडायची ते काकू टाचण्या लावून बघतील, तोवर तुम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसा.